सोलापुरातला नाताळ, एक पुराण आणि चैत्री पौर्णिमा

सोलापूरला लोक चादरी घ्यायला जातात, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला जातात, नाहीतर अक्कलकोटला जाताना स्टेशनवर उतरून रिक्षा पकडतात. मी गेले नाताळला, आणि तेही पुस्तकं बघायला. घरच्यांना सांगितलं तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "आणि शेंगाचटणी?" ती आणणारच होते. त्या चटणीची गोष्ट शेवटी येईल.

निमित्त कॉलेजच्या मैत्रिणीचं. ती मूळची सोलापूरची, तिचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. दर नाताळला ती माहेरी जाते. या वेळी म्हणाली, "तू जुन्या मराठीत सदा डोकं घालून बसलेली असतेस, आमच्याकडे ये. एका जुन्या वाचनालयात आमच्या लोकांची जुनी पुस्तकं आहेत, हाताने लिहिलेलंही थोडं आहे. तिथले निवृत्त ग्रंथपाल आमच्या ओळखीचे आहेत."

२३ डिसेंबर २०२५, मंगळवार

हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी पुण्याहून निघते आणि दहाच्या सुमाराला सोलापूरला सोडते. गाडीचं हे नाव १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांवरून आहे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. समोरच्या बाकावरचे आजोबा ही चार नावं नातवाकडून पाठ करून घेत होते. पोरगं तिसऱ्या नावाला दर वेळी अडखळत होतं. कुर्डुवाडीपर्यंत मलाही ती पाठ झाली.

उतरले तर हवेत कोरडी, बोचरी थंडी. उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंशांत भाजून निघणारं हेच गाव का, असा प्रश्न पडावा. लॉजवर गरम पाणी "सकाळी सात ते साडेसात" अशी पाटी होती. साडेसहालाच संपलं.

२४ डिसेंबर, बुधवार

वाचनालयाला आधी फोन केला होता. "या की, दहा वाजता उघडतंय" असं सांगितलं होतं. वाचनालय दहाला उघडलंही, पण जुन्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. काउंटरवरच्या ताईंनी चार फोन लावले आणि मला वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसवलं. तिथे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांतले पेपर एकाच दांडीवर. एक म्हातारे गृहस्थ तेलुगू पेपर वाचून झाल्यावर मराठी उचलत होते, दोन्हीतलं राशिभविष्य ताडून बघत असावेत.

साडेअकराला ग्रंथपाल सर स्वतः सायकलवरून आले, दुसरी किल्ली घेऊन. सत्तरी ओलांडलेले, मफलर, हातात कापडी पिशवी. घरात तेलुगू बोलतात, पण मराठी अस्सल सोलापुरी.

"पेन आत ठेवा. पेन्सिल आहे ना? नसली तर ही घ्या. आणि हात धुवून या. लोक हातमोजे मागतात, पण मोज्याने पान जास्त फाटतंय, मी सांगतो."

कपाट उघडल्यावर डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या कागदाचा वास एकदमच अंगावर आला. वरच्या कप्प्यात 'ज्ञानोदय'चे बांधीव अंक होते. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेलं हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र. काही अंकांच्या कडा कसरीने अशा कातरल्या होत्या की पानाला झालर लावल्यासारखं दिसत होतं. त्याखाली भजनांची चिमुकली पुस्तकं, पुठ्ठे निखळलेली. आणि मधल्या कप्प्यात सरांनी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं ते 'ख्रिस्तपुराण', शांताराम बंडेलूंनी १९५६ साली पुण्यातून काढलेली देवनागरी आवृत्ती.

"जैसी हरळांमाजी रत्नकिळा" ही त्यातलीच ओवी शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. मराठीचं एवढं कौतुक करणारा हा माणूस इंग्रज, नाव थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये तो गोव्याला उतरला, पुढची चाळीस वर्षं बहुतेक गोव्यातल्या साष्टी भागातच काढली, आणि १६१९ ला तिथेच गेला. पुराण पहिल्यांदा छापलं ते १६१६ साली, राचोलला. शाळेत हे एवढ्यावरच संपतं. त्या ओवीच्या पुढे सुमारे अकरा हजार ओव्या आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नेमकं सांगायचं तर १०,९६२. पहिलं पुराण बायबलच्या जुन्या कराराचं, दुसरं येशूच्या आयुष्याचं. अध्यायाला तो म्हणतो 'अवस्वरु'. मी तो शब्द वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतला, चौकट केली.

"हे सणावारी वाचायचं पुस्तक होतं," सर म्हणाले. "गोष्ट कशी सुरू होते बघा. साष्टीतला एक नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केली, मग आम्ही वाचायचं काय? तेवढ्यासाठी हे लिहिलंय."

हे त्यांनी सहज सांगितलं, पण मला पुढची दोन पानं नीट वाचता येईनात. पोथ्या जप्त करून जाळणारं राज्य एकीकडे, आणि त्याच राज्यातला एक पाद्री लोकांना ओवी पाहिजे म्हणून ओवी शिकतो. रविवारी नि सणाला देवळात बसून ऐकायची ती सवय मोडायची नाही, म्हणून. कुठलंही एक बाजूला काढून बोलणं सोयीचं आहे, पण पुस्तक समोर असताना तसं करता येत नाही.

जन्माचा प्रसंग आम्ही दुसऱ्या पुराणात शोधला. मी हळू आवाजात वाचायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या ओवीला लक्षात आलं की मी ज्ञानेश्वरीच्या चालीत वाचते आहे. चाल आपोआप लागते. मरिया इथे 'अंकवार' आहे, म्हणजे कुमारी. स्वर्ग हा 'वैकुंठ' आहे. डिसेंबरातल्या बर्फाचा, सांताक्लॉजचा पत्ता नाही. गोठ्यातलं बाळ वैकुंठीचा राजा म्हणून येतं, आणि ऐकणाऱ्याला गोकुळ आठवल्याशिवाय राहत नसणार. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं की काय, असं प्रत्येक पानावर वाटतं.

गंमत म्हणजे १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, आणि त्यांतली एकही छापील प्रत आज कुठे सापडत नाही. शिवाय त्या रोमन लिपीत होत्या, कारण गोव्यात देवनागरीचे छपाईचे खिळेच नव्हते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषांवर बंदीचं फर्मान काढलं. छापील गेलं, पण लोक हाताने उतरवून घेत राहिले. त्या नकलांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी पुराण पुन्हा छापलं, तेही रोमन लिपीतच. देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनला मार्सडेन नावाच्या संग्राहकाच्या ग्रंथांत पडून होतं. ते प्रकाशात आणलं जस्टिन ॲबट यांनी, म्हणजे याच अमेरिकन मराठी मिशनच्या माणसाने, ज्यांनी आपल्या संतकवींचे इंग्रजी अनुवाद केले. त्या लंडनच्या प्रतीत पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. कुणी बदलले, कधी बदलले, यावर सरांचं स्वतःचं एक मत आहे आणि ते सांगायला त्यांनी चाळीस मिनिटं घेतली. ते मत इथे देत नाही, त्यांना स्वतःला लिहायचं आहे म्हणाले.

जाता जाता त्यांनी आणखी दोन नावं कागदावर लिहून दिली. एक फ्रेंच पाद्री एतियेन द ला क्रुआ, १६२९ चं सेंट पीटरवरचं पुराण. दुसरं फ्रान्सिस्को वाझ दी गिमराइश यांचं येशूच्या मरणाचं पुराण, छापलं लिस्बनला १६५९ मध्ये, वाचलं गेलं मुंबईकडच्या वसई-साष्टीच्या (ही गोव्याची साष्टी नव्हे) घरांत, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत. म्हणजे नाताळचं, उपासाचं, जूनमधल्या सेंट पीटरच्या सणाचं, प्रत्येकाचं मराठीत काहीतरी वाचायला होतं, तेही शिवाजीमहाराजांच्या काळात किंवा त्याआधी.

*जाणाऱ्यांसाठी:* जुन्या वाचनालयात जुनं कपाट बघायचं असेल तर नुसता फोन पुरत नाही. किल्ली कुणाकडे असते आणि तो माणूस त्या दिवशी हजर आहे का, हे नाव घेऊन विचारा. पेन्सिल न्या. फोटो काढू देतात की नाही ते आधी विचारा. मला दिले नाहीत, आणि त्यामुळे मी नीट वाचलं.

दुपारी नव्या पेठेत जेवण: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि आठवडाभर टिकते. परगावचे लोक ती भाजीत बुडवून मऊ करतात. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला तसं करताना पाहिलं आणि राहवलं नाही त्यांना. "ओ ताई, चुरा की तिला!"

संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी, रेल्वे लाइन्सच्या बाजूला. दारावर कागदी चांदणी, आत बल्ब. काकूंनी ताट पुढे केलं: करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे. मी म्हटलं, "काकू, ही दिवाळी झाली." त्या म्हणाल्या, "मग? आमची दिवाळी हीच." केक होता, पण तो बेकरीतून आणलेला, आणि मुलांखेरीज त्याकडे कुणी बघत नव्हतं.

आठ वाजता मंडळींबरोबर घरोघर गाणी म्हणायला निघालो. पेटी, ढोलकी, टाळ. मला 'कॅरल' म्हटल्यावर इंग्रजी सूर अपेक्षित होते. निम्मी गाणी चक्क अभंग. रेव्हरंड टिळकांची दोन होती. आणि मग एका चौकात आम्हाला थांबावं लागलं, कारण समोरून नंदीध्वजाच्या सरावाची मंडळी येत होती. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे ते उंचच उंच सात नंदीध्वज निघतात. ते तोलायचा सराव आधीपासून रात्रीचा चालतो. एक जण काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून, मान वर करून, डोळे टोकावर ठेवून पावलं टाकत होता. बाकीचे भोवती हात पसरून. आमच्यातल्या ढोलकीवाल्याने ढोलकी काखेत दाबून धरली, आवाज होऊ नये म्हणून. ते गेल्यावर त्यांच्यातला एक जण मागे वळून "हॅपी नाताळ ओ!" म्हणाला.

२५ डिसेंबर, गुरुवार

सकाळची उपासना. मिशनच्या काळातलं दगडी चर्च, उंच खिडक्या, पंख्यांच्या लांब दांड्या. अमेरिकन मराठी मिशनने इथे एकोणिसाव्या शतकात शाळा काढल्या, पुढे बालवाडी काढली, नंतर 'सेटलमेंट' चालवायला घेतली. त्या वस्तीला सोलापुरात आजही 'सेटलमेंट'च म्हणतात, इंग्रजांनी गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींना तारांच्या कुंपणात ठेवायची जागा होती ती. काकू त्याबद्दल फार बोलत नाहीत. "चांगलं केलं, वाईटही केलं. आमचे सासरे तिथे शिकवायला जायचे," एवढंच.

बायका नव्या साड्यांत, गजरे माळून. पाळकांचं प्रवचन थोडं लांबलं. माझ्या शेजारच्या आजी 'उपासना संगीत'ची प्रत पिशवीतून काढून, न उघडता, पाठ असलेलं गात होत्या. पुस्तक नुसतं मांडीवर. बाहेर पडताना सगळे एकमेकांना "सलाम" म्हणतात, हात जोडून किंवा हातात हात घेऊन. मीही म्हटलं, पहिल्यांदा जरा चाचरत.

दुपारी मटण, भाकरी, भात, आणि खपली गव्हाची हुग्गी. हुग्गीचं नाव कानडी, चव कुणाचीही. दोन वाट्यांनंतर लॉजवर जाऊन झोपले. त्या दिवसाचं आणखी काही लिहिण्यासारखं नाही, फक्त संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालून आले. पाण्यात मंदिर आणि पलीकडे भुईकोट किल्ल्याचा तट. थंडीत हा फेरा चुकवू नका.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा वाचनालय. या वेळी सर माझ्या आधी हजर, आणि टेबलावर एक हाताने लिहिलेली वही. कुणा मास्तरांच्या घरून आलेली, जांभळ्या शाईची, पानं आता तपकिरी. नाताळच्या कीर्तनाचं आख्यान. मराठी ख्रिस्ती लोकांत कीर्तन होतं हे वाचून माहीत होतं, पण हे डोळ्यांसमोर. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या, आर्या, सगळं रीतसर. हेरोद राजाचा प्रसंग आला की अक्षर मोठं होतं, शाई जास्त दाबलेली.

आणि समासात बारीक पेन्सिलीने सूचना. "येथे पेटी थांबवावी." "मेंढपाळ येताच टाळ." एका ठिकाणी, "मुले रडू लागल्यास हे कडवे गाळावे." शेवटच्या पानावर खर्च: गूळ, शेंगदाणे, पेट्रोमॅक्सचं भाडं आठ आणे, आणि त्याखाली "तबलजी आला नाही" अशी नोंद, दोनदा अधोरेखित. ख्रिस्तपुराण मोठं खरंच, पण मला विचाराल तर या एका वहीसाठी मी पुन्हा सोलापूरला जाईन. सण कसा *उभा करतात* ते त्यात आहे.

आदल्या रात्री काकूंना विचारलं होतं, असं कीर्तन पाहिलंय का. लहानपणी एकदा, म्हणाल्या. आठवतं काय? "बत्ती आठवते. आणि मी झोपले होते."

मग मी सरांना कधीपासून मनात असलेला प्रश्न विचारला. नाताळ ठरलेल्या तारखेला येतो, पण ईस्टर दर वर्षी कुठे कुठे फिरतो, ते कसं? सरांनी पिशवीतून काढलं दाते पंचांग. सोलापूरचंच ते, शंभर वर्षांहून जास्त काळ याच गावातून निघतं. नव्या वर्षाचंही पंचांग होतं त्यांच्याकडे.

"सोपं आहे की. एकवीस मार्च धरायचा. त्या दिवशी किंवा नंतर येणारी पहिली पौर्णिमा. तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. बाकी सगळं मागे मोजत जायचं. बघा आता." बोट फिरवत फिरवत: "हनुमान जयंती २ एप्रिल, गुरुवार. म्हणून उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, ३ ला, ईस्टर ५ ला."

"म्हणजे चैत्री पौर्णिमेनंतरचा रविवार?"

"बहुतेक वेळा. कधी कधी होळीनंतरचा. २०२४ ला होळी २४ मार्चला पेटली, ईस्टर ३१ ला."

मी शहाणपणा केला. चालू वर्षाचं पंचांग मागितलं. हनुमान जयंती १२ एप्रिल २०२५, शनिवार. मग ईस्टर दुसऱ्याच दिवशी, १३ ला हवा होता. झाला २० ला. सापडली चूक!

सर हसले. हा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण मफलर काढून ठेवला. "तुमची पौर्णिमा आकाशातली. चर्चची कोष्टकातली, जुनं एकोणीस वर्षांचं चक्र आहे. दोन्हींत एखाद्या दिवसाचा फरक पडतोय. त्यांची पौर्णिमा धरली गेली १३ ला, म्हणजे रविवारी. आणि पौर्णिमाच रविवारी आली तर ईस्टर पुढच्या रविवारी ढकलायचा, असा नियम. आपल्याकडे एकादशी स्मार्त-भागवत दोन दिवस असते की नाही? तसंच समजा."

मग त्यांनी माझ्याच पेन्सिलीने एका चिठ्ठीवर पुढचं वर्ष मांडून दिलं. १५ फेब्रुवारी महाशिवरात्र. १८ फेब्रुवारी राखेचा बुधवार, तिथून उपासाचे दिवस सुरू. रविवार वगळून चाळीस, धरून शेहेचाळीस. २९ मार्च झावळ्यांचा रविवार. २ एप्रिल हनुमान जयंती. ३, ५. एका ओळीखाली एक, दोन्हीकडचे सण मिसळून, वर "श्री" काढून.

*जाणाऱ्यांसाठी:* डिसेंबर-जानेवारीत गेलात तर हुरडा सोडू नका. दुपारी आम्ही गावाबाहेर एका शेतावर गेलो. शेणीच्या आगट्यात भाजलेली कणसं, हातावर चोळून, वर चटणी, गूळ, ताक. ज्वारीचा हा पट्टा. मंगळवेढ्याची मालदांडी इथूनच जवळ. सकाळी नाश्ता न करता जा. आणि चटणी घरी न्यायची असेल तर कुटलेली घ्या, मिक्सरमधली नको. फरक तेलात दिसतो. ती नुसत्या पिशवीत न घेता डब्यात घ्या. कसं ते खाली.

२७ डिसेंबर, शनिवार

पहाटेची हुतात्मा. काकू स्टेशनवर आल्या होत्या, अंगावर शाल, हातात करंज्यांचा डबा. "ईस्टरला ये," म्हणाल्या. मी चिठ्ठी काढून दाखवली. त्यांनी चष्मा नसल्यामुळे लांब धरून वाचली. "हनुमान जयंती कशाला घातलीय यात?" मी सांगायला सुरुवात केली तोवर गाडी सुटली.

पुण्यात घरी येऊन बॅग उघडली तर चटणीची पिशवी फुटलेली. तेल झिरपत झिरपत वहीपर्यंत गेलेलं. चिठ्ठी पाकिटात होती, ती वाचली. ती आता फ्रिजवर आहे. पण वहीतलं पहिलं पान पार तेलकट, आणि नेमका तो चौकटीतला 'अवस्वरु' लालसर डागाखाली. वाचता येतो. वासही येतो, लसणाचा.

नवऱ्याने उरलेली चटणी चमच्याने बॅगेच्या कोपऱ्यातून काढली आणि भाकरीबरोबर खाल्ली.